विदर्भातल्या खेड्यात राहून युद्धनौकेचे सव्वा मीटरचे लाकडी किट एकट्याने पूर्ण होईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचे १:२०० प्रमाणातले लाकडी किट आपण मागवण्याच्या बेतात आहात, आसपास हा छंद असलेले कोणी नाही, सुतारकामाचा अनुभव शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापुरता आहे. तेव्हा हे काम एकट्याने निभेल का, आणि किटमधल्या हलक्या लाकडाऐवजी आपल्याकडचे सागवान वापरावे का. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे आणि याच नौकेचे याच प्रमाणातले किट मी अडीच वर्षांत पूर्ण केले आहे. त्यातले सुमारे आठ महिने आधी केलेले काम उकलून पुन्हा करण्यात गेले, म्हणून आपल्याला हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

काम निभेल. हाताला वळण पहिल्या दोन महिन्यांत लागते आणि अवजारेही फार लागत नाहीत: बारीक दात्यांची करवत, छोटा रंधा, दोन कानशी, धारदार चाकू, गुण्या, पॉलिश पेपर आणि मिळतील तेवढे कपडे वाळत घालायचे चिमटे. अडचण दुसरीकडेच आहे. किटसोबतचे माहितीपत्रक ज्या देशात लिहिले जाते तिथे मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसत नाही आणि जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येत नाही. आपल्याकडे एकाच वर्षात दोन्ही होते, आणि लाकडाला दोन्ही कळते.

आधी रचना सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. मूळ बिस्मार्क २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद होती. १:२०० मध्ये ती सव्वा मीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद होते. प्लायवुडचा एक लांब कणा असतो, त्याच्या खाचांमध्ये प्लायवुडचेच आडवे पडदे उभे बसवायचे असतात, आणि माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या त्या सांगाड्यावर लाकडाच्या लांब पट्ट्या एकीला एक चिकटवून नौकेचे अंग तयार करायचे असते. माझ्या किटमधल्या पट्ट्या पाच मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड आणि लाइमवुडच्या होत्या. (लाइम म्हणजे आपले लिंबू नव्हे. हे युरोपातल्या लिंडेन नावाच्या झाडाचे पांढरट, मऊ लाकूड आहे. आमच्या घरी बरेच दिवस लोक ती पट्टी नाकाशी नेऊन वास घेत असत.) डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत प्रत्येक बाजूला अशा साधारण तीस पट्ट्या बसतात.

मी या पट्ट्या जुलैमध्ये बसवल्या. शेतात चिखल, बाहेर जाणे बंद, हातात वेळ भरपूर, असा हिशेब होता. पट्टी गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची, डब्याभोवती वाकवायची आणि लगेच चिकटवायची, असा माझा क्रम होता, आणि ओली पट्टी इतकी आज्ञाधारक असते की मला माझ्या हाताचे कौतुक वाटू लागले. सांधे असे जुळले होते की नखही जात नव्हते. दिवाळीत लांबी (पुट्टी) भरली, घासून गुळगुळीत केली, प्रायमर दिला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उजेड तिरपा पडला असताना पाहिले, तर नौकेच्या दोन्ही अंगांवर नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत केसासारख्या रेघा उमटल्या होत्या. मे महिन्यात त्या रेघांमध्ये पोस्टकार्डाची कड जाऊ लागली.

मी घाईने त्या फटींत पुन्हा लांबी भरली, आणि ही दुसरी चूक पहिलीहून मोठी ठरली. पाऊस लागल्यावर पट्ट्या फुगल्या, लांबीला आत दबायला जागा नव्हती, म्हणून ती बाहेर ढकलली गेली आणि जिथे फटी होत्या तिथे वरंबे उठले. तेव्हा आमच्या गावातल्या सुतारांना बोलावून दाखवले. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, पावसात बसवल्या ना पट्ट्या? उन्हाळ्यात लाकूड आंग चोरते जी. त्याले जागा ठेवा लागते." ज्यांनी जन्मभर दारांच्या चौकटी बसवल्या त्यांना हे सांगायला मापे लागली नाहीत. मी मात्र मापे घेतली, कारण मास्तरकीची सवय.

हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस राहिली की लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे सोळा टक्के पाणी मुरते. मे महिन्यातल्या दुपारी हवा वीस टक्क्यांवर येते तेव्हा तेच प्रमाण चार-साडेचार टक्क्यांवर उतरते. दीड मिलिमीटरच्या पट्टीला हा बदल पचवायला फार दिवस लागत नाहीत. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते, आणि लाइमवुडच्या बाबतीत या दोन टोकांमधला फरक रुंदीच्या सुमारे तीन टक्के येतो. पाच मिलिमीटरच्या एका पट्टीत तो जेमतेम ०.१५ मिलिमीटर असतो, पण तीस पट्ट्या मिळून साडेचार मिलिमीटर होतात. आतला प्लायवुडचा सांगाडा मात्र जागचा हलत नाही, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात आणि एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. सांगाडा स्थिर आणि कातडी आखडणारी, म्हणून फाटते ती कातडीच. डिंक चांगला की वाईट, याचा इथे फारसा संबंध नाही.

त्यामुळे माझा आग्रह एवढाच आहे की किटच्या पानांचा क्रम जरूर पाळा, पण प्रत्येक पानाला आपला महिना द्या. सांगाडा कधीही जोडता येतो. फक्त तो लाकडी टेबलावर न जोडता कडप्प्याच्या सरळ लादीवर जोडा, कारण टेबलही ऋतूप्रमाणे पाठ वाकवते. पट्ट्या दिवाळी ते संक्रांत या काळात बसवा. तेव्हा लाकूड ना पावसाळ्यासारखे फुगलेले असते ना उन्हाळ्यासारखे आखडलेले, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना त्याला निम्मेच हलावे लागते. पट्ट्यांचा जुडगा सोडून त्याआधी दोन आठवडे ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत पसरून ठेवा. जी पट्टी भिजवून वाकवाल ती आकारात बांधून पूर्ण दोन दिवस वाळू द्या आणि मगच चिकटवा. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावा. एकाच बाजूच्या चार-पाच सलग लावल्या तर कणा केळ्यासारखा वाकतो आणि नंतर कोणत्याही उपायाने सरळ होत नाही.

नाळेकडे आणि मागच्या टोकाकडे पडद्यांच्या कडा तिरप्या घासल्याशिवाय एकही पट्टी लावू नका. पट्टी पडद्याच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे, नुसत्या धारेवर नव्हे. या घासकामाला मला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे कंटाळवाणे होते. नाळेकडे जागा निमुळती होत जाते, तिथे प्रत्येक पट्टी चाकूने व रंध्याने निमुळती करावी लागते. ती तशीच रेटून बसवली तर एक कड वर उचलली जाते.

डेक बसवून नौका बंद करण्यापूर्वी आतून सगळ्या पट्ट्यांना सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या पातळ लेपाचे) किंवा पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. माहितीपत्रकात हे असेलच असे नाही, पण आपल्या हवेत हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून रंग आणि आतून उघडे लाकूड अशी स्थिती राहिली तर ओलावा मागच्या दाराने येत-जात राहतो. सीलरने तो थांबत नाही, पण संथ होतो, आणि रोजचा चढउतार लाकडापर्यंत पोहोचत नाही. माझी नौका तेव्हा बंद झालेली होती, म्हणून दुरुस्तीसाठी डेक कापून काढावा लागला. फटींत लांबी न भरता लाइमवुडच्याच सुरीसारख्या पातळ चिपा डिंक लावून सरकवल्या, त्या समतल घासल्या, मग आतून सीलर दिला. आठ महिने गेले ते यात.

लांबी आणि रंग फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत उरका. पावसाळ्यात एनसी लॅकरसारखा (थिनरमध्ये कालवायचा, झटपट वाळणारा) रंग मारला तर त्यावर दुधासारखी पांढरी झाक येते, आणि मे महिन्यात फवारा नौकेवर पडण्याआधीच वाटेत वाळून भुकटीसारखा बसतो. एप्रिल-मेची दुपार तोफांसाठी ठेवा. मुख्य तोफांचे चार मोठे मनोरे तर आहेतच, त्याशिवाय १५ सेंटिमीटरच्या (हे मूळ तोफेच्या नळीच्या तोंडाचे माप) जोडतोफांचे सहा आणि १०.५ सेंटिमीटरच्या जोडतोफांचे आठ मनोरे असतात. सारखे भाग एका बैठकीत करा, आठही एकदम, नाहीतर पहिला आणि आठवा एकाच जहाजाचे वाटत नाहीत. पितळी कठडे पाच मिलिमीटर उंचीचे असतात आणि या प्रमाणात माणूस साडेआठ मिलिमीटरचा होतो. पंखा चालू असताना हे काम करू नये, हे मी पलंगाखाली टॉर्च घेऊन शिकलो.

कूलरबद्दल वेगळे सांगायला हवे. वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर दिवसभर चालू असला की खोलीत जणू श्रावण असतो, आणि दुपारी वीज गेली की तासाभरात वैशाख. नौका त्या खोलीत ठेवू नका. आतल्या, जाड भिंतींच्या, कूलर नसलेल्या खोलीत ती सुखरूप राहते. पेटी जमिनीवर किंवा मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कारण हे मऊ पांढरे लाकूड वाळवीला फार आवडते. लोखंडी मांडणीवर भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. काचेची पेटी करवून घेणार असाल तर आधी दाराची रुंदी आणि वळण मोजा. आमच्याकडे चौकट काढावी लागली.

आता सागवानाबद्दल. मोह होणे स्वाभाविक आहे. आलापल्लीचे सागवान हाताशी असताना परदेशी मऊ लाकूड कशाला, असे मलाही वाटले होते, आणि सागवान ओलाव्याने लाइमवुडपेक्षा कमी हलते हेही खरे आहे. पण दीड मिलिमीटरच्या पट्ट्या गावातल्या आरीवर काढायच्या तर जेवढी पट्टी तेवढाच भुसा होतो. सागवानातल्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, सांधा आधी थिनरने पुसून घ्यावा लागतो. आणि नाळेच्या वळणावर सागवानाची पातळ पट्टी वाकण्याऐवजी चिरते. शिवाय बिस्मार्क पोलादी होती, तिच्या अंगावर लाकडाची एकही रेघ दिसायला नको. सगळे लाकूड शेवटी लांबी आणि रंगाखाली जाणार आहे.

डेकची गोष्ट निराळी. त्या काळच्या युद्धनौकांच्या पोलादी डेकवर लाकडी फळ्या असत; बिस्मार्कवरही होत्या, आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीवर जिच्यावर सह्या झाल्या त्या अमेरिकेच्या मिसुरी या नौकेचा डेक सागवानीच होता. तरीही मॉडेलवर सागवान शोभत नाही, कारण त्याची सुईच्या टोकाएवढी छिद्रे दोनशे पटींनी खड्ड्यांसारखी वाटतात. मी सागवान नौकेखालच्या चौरंगासाठी वापरले आणि तिथे ते छान दिसते. लाकूड दिसावे हीच आपली खरी इच्छा असेल, तर शिडाच्या युद्धनौकेचे किट घ्या. ट्रिंकोमाली ही नौका मुंबईच्या गोदीत सागवानातच बांधली गेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे.

रंग देण्यापूर्वी कोणत्या दिवसाची बिस्मार्क करायची हे ठरवा. बाल्टिक समुद्रात असताना तिच्या अंगावर काळे-पांढरे तिरपे पट्टे होते. २१ मे १९४१ रोजी नॉर्वेमध्ये बर्गनजवळच्या खाडीत ते करड्या रंगाखाली गेले, २४ मे रोजी तिने ब्रिटिशांची हूड ही युद्धनौका बुडवली आणि २७ मे रोजी ती स्वतः बुडाली. म्हणजे हूडशी लढलेली सरसकट करडी बिस्मार्क केली तर ती अखेरच्या सहा दिवसांची ठरते. हे मी इतिहासाच्या प्रेमापोटी सांगत नाही. सपाट करड्या अंगावर तिरप्या उजेडात प्रत्येक सांधा ओळखू येतो, तर पट्टे डोळ्याला चकवतात. शत्रूला चकवण्यासाठी ते रंगवले गेले होते, मी ते घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी रंगवले. डेकच्या दोन्ही टोकांना विमानांच्या ओळखीसाठी रंगवलेले नाझी चिन्ह मी वगळले. शेजारच्या काकूंना पत्रकावर ते आपले स्वस्तिक वाटले होते आणि मी ते का रंगवत नाही हे त्यांना अजून पटलेले नाही.

दुरुस्तीनंतर तीन उन्हाळे गेले आहेत. उजव्या अंगावरच्या दुसऱ्या काळ्या पट्ट्याखाली, वरून चौथ्या आणि पाचव्या पट्टीच्या मध्ये, एक सांधा नवतपा लागला की नखाला लागतो, आणि आर्द्रा नक्षत्र संपेपर्यंत पुन्हा मिटतो. मी आता त्यात काही भरत नाही.