धुळे की जळगाव? दोन्ही प्रायव्हेट शाळांत 11वी सायन्सला नंबर लागलाय, मुलीला कुठे टाकू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुलीला 10वीला चांगले मार्क आहेत, तुम्ही पारोळ्याचे, धुळ्याची शाळा स्टेट बोर्डाची आणि जाऊन-येऊन करता येईल अशी, जळगावची सीबीएसई, हॉस्टेलसकट, आतच नीट-जेईईचा (मेडिकल आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षांचा) क्लास, आणि मेडिकल की इंजिनीअरिंग हे अजून पोरीचं ठरलेलं नाही. मी इकडेच 11वी-12वीला केमिस्ट्री शिकवते म्हणून सांगते, त्या दोन्ही शाळांच्या बाहेर जे टॉपरच्या फोटोंचे मोठे बॅनर लागलेत ना, ते बघून काहीच ठरवू नका. टॉपर पोरं कुठेही टाकली तरी पुढे जातात, शाळेची खरी पारख मधल्या पोरांवरून होते.

तुमची पोरगी आत्तापर्यंत वर्गात पहिली-दुसरी असेल. तिथे सगळेच आपापल्या गावचे पहिले-दुसरे येतात. दोन-तीन महिन्यांत टेस्ट घेऊन बॅच पाडतात, वरच्या बॅचला अनुभवी सर आणि खालच्या बॅचला दरवर्षी बदलणारे नवीन सर असा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो, आणि हे ऑफिसमधला माणूस स्वतःहून कधीच सांगणार नाही. म्हणून तिथे जाऊन सरळ विचारा की शेवटच्या बॅचला फिजिक्स कोण शिकवतं, त्यांना इथे किती वर्षं झाली. आणि दुसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या बॅचला 11वीला किती पोरं होती आणि त्यातली 12वीच्या परीक्षेला त्याच शाळेतून किती बसली? मधे बरीच गळाली असतील तर का गळाली ते हॉस्टेलच्या पोरींना विचारा. शाळेच्या गेटबाहेर शनिवारी-रविवारी भेटायला आलेले पालक असतात, ते मोकळं बोलतात.

आता बोर्डाचं. एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनीअरिंग-फार्मसीची आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा, स्टेट बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते, 11वीचा साधारण 20 टक्के आणि 12वीचा 80 टक्के, त्यामुळे इंजिनीअरिंग किंवा फार्मसी महाराष्ट्रातच करायची असेल तर धुळ्याचा फायदा आहे. नीटला एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईला लावलेली, पुस्तकं ओळ न् ओळ वाचावी लागतात, 720 पैकी 360 मार्क नुसत्या बायोलॉजीचे, तिथे सीबीएसईवाल्या पोरांची पुस्तकं तीच असल्यामुळे डबल काम वाचतं. पण स्टेट बोर्डाची पोरंही वेगळी एनसीईआरटी घेऊन वाचतातच, म्हणजे नुसत्या बोर्डासाठी हॉस्टेलला टाकावं असं काही नाही. तिचं ठरलेलं नाही ना, मग मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही ठेवू देतात का ते दोन्हीकडे आधी विचारा, काही शाळा पहिल्याच दिवशी एक सोडायला लावतात. आणि "शाळेत नाही आलं तरी चालेल, हजेरी आम्ही बघतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. डमी, म्हणजे नाव शाळेत पण वर्गात न येणाऱ्या, विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेला बसू देणार नाही असं सीबीएसईने 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय.

पैशाचं पण बघा. ग्रामीण भागातल्या मुलींना 12वीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून, त्यामुळे धुळ्याला जाण्या-येण्याचा खर्च जवळपास नाही, फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी परतीची गाडी किती वाजता मिळते ते तिच्यासोबत एकदा स्वतः जाऊन बघा. जळगावला फी, हॉस्टेल, मेस, क्लासचं मटेरियल सगळं धरून दोन वर्षांचा आकडा लेखी मागा. कापसाचे पैसे हातात येईपर्यंत हप्ता थांबेल का, तेही आत्ताच विचारा, नंतर पोरीला वर्गात उभं करून फी मागतात तेव्हा तिला फार लागतं, मी पाहिलंय हे.

माझं मत विचाराल तर धुळे. मेडिकलचं पक्कं असतं आणि पोरगी स्वतः हॉस्टेलला जायचं म्हणत असती तर जळगाव म्हटलं असतं. पण तिला एकटीला बसवून विचारा, "तुनं मन काय सांगस?" आणि ती बोलेपर्यंत मधे बोलू नका. जळगावच ठरलं तरी पूर्ण फी एकदम भरू नका. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या कोचिंगच्या मार्गदर्शक सूचनांत मधेच सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे 10 दिवसांत परत द्यायचे असं आहे, म्हणून क्लासच्या फीची पावती शाळेच्या फीपेक्षा वेगळी मागून घ्या.