आधी हजेरी, मग बचाव, गोल सगळ्यात शेवटी

प्रश्न : आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात गारद होतोय. यादीत बावीस नावं, सरावाला आठ-नऊ पोरं. मध्यंतरापर्यंत बरोबरी असते, नंतर चार-पाच गोल खातो. सुरुवात कुठून करू?
– एक क्रीडाशिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, मध्यंतरानंतरचे गोल हा पायांतल्या दमाचा प्रश्न आहे आणि दम हजेरीवर ठरतो. पहिला महिना फक्त माणसं जमवा. न येणाऱ्या प्रत्येकाला एकट्याला बसवून कारण विचारा. कुणी पहाटे पेपर टाकतो, कुणी दुपारनंतर टॉवेलच्या कारखान्यात जातो, कुणाची अक्कलकोटची एसटी चुकते. सरावाची वेळ या उत्तरांवरून ठरवा. आठवड्यातून सहा दिवस आठ पोरं येण्यापेक्षा तीन दिवस सोळा पोरं आलेली कधीही चांगली.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगा : मागच्या सोळा सरावांपैकी बाराला हजर नसेल तो सुरुवातीच्या अकरात नाही. ऐन सामन्यात उगवणाऱ्या दोन नामवंत खेळाडूंसाठी हा नियम मोडलात, तर रोज येणारी पोरंही महिनाभरात गळतात. संघ मोडतो तो इथेच. त्यांच्यावाचून पहिला सामना हरलात तरी चालेल.

मग मैदान. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत घोटा मुरगळतो. भेगा मुरमानं भरा, पाणी मारा, रोलर फिरवा. कडक जमिनीवर लांब स्टडचे (तळव्याच्या खुंट्यांचे) बूट नकोत; पाय अडकतो आणि गुडघा पिळवटतो. आखूड रबरी स्टड घ्या. चेंडूतल्या हवेचा दाब 8.5 ते 9 पीएसआय ठेवा. नियमात बसते आणि टप्पाही आवरतो.

दमासाठी सहा ते आठ आठवडे द्या. फिफा 11+ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप प्रत्येक सरावाआधी हवाच. त्यातला मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम टाळू नका : गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, कंबर न वाकवता सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. मे महिन्यात ऊन उतरल्यावरच मैदानात उतरा आणि पहिले दहा-बारा दिवस जोर कमी ठेवा. शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे लागतात. सरावाआधी आणि नंतर वजन करा. साठ किलोचा मुलगा सव्वा किलोनं घटला, तर त्याला पाणी कमी पडतंय.

त्यानंतर बचाव. चौघा बचावपटूंच्या हातात एकच लांब दोर द्या, दोघांमध्ये साधारण आठ-दहा मीटर. तुम्ही चेंडू डावी-उजवीकडे न्या, त्यांनी चालत सरकायचं. दोर लोंबला तर दोघं फार जवळ आलेत, हिसका बसला तर मध्ये फट पडलीय. पळत करू नका, पोरं तोंडावर आपटतात. दोन आठवड्यांत दोराशिवाय अंतर जमू लागतं.

हल्ला पहिल्या वर्षी साधाच ठेवा : कॉर्नरच्या दोन चाली, थ्रोची एक. वहीत एकच आकडा लिहा, शेवटच्या वीस मिनिटांत किती गोल खाल्ले. तो घटला की संघ सुधारतोय, निकाल काहीही लागो. कोल्हापूरच्या तालमींच्या (तिथल्या पेठांतल्या मंडळांच्या) तगड्या संघांशी सराव सामने दुसऱ्या वर्षी ठेवा. आत्ता दहा गोलांनी हरून आलेली पोरं परत मैदानावर येणार नाहीत. अकरावी-बारावीची मुलं विद्यापीठ स्पर्धेत चालत नाहीत, तरी त्यांना आजच सरावात घ्या. तिसऱ्या वर्षाचा तुमचा संघ तोच आहे.

प्रश्न : गोलकीपर व्हायला कुणीच तयार नाही. काय करू?

उत्तर : मुरमावर झेप घेतली की कोपर-कंबर सोलून निघते, म्हणून पोरं नको म्हणतात. लांब उडीच्या वाळूत रोज पंधरा मिनिटं झेपा घ्यायला लावा, आधी गुडघ्यांवरून, मग उभ्यानं. कमरेला पॅड असलेली फुलपँट आणि हातमोजे कॉलेजनं द्यावेत. उरलेल्या पोराला गोलात उभं करू नका. क्रिकेटचा यष्टिरक्षक किंवा खो-खोतला झेपेचा खेळाडू गाठा.