हशा आणि त्यामागचा थांबा

प्रश्न : आमच्या खानापुरात गणेशोत्सवात एकट्याने विनोद सादर करणारे कलाकार येतात. टाळ्या सगळ्यांनाच मिळतात, मग थोर कोणाला म्हणावे?

उत्तर : टाळ्यांवर जाऊ नका, ज्याला स्वतःचे दुखणे लोकांसमोर उघडे करता येते, त्याला मी थोर मानतो. अमेरिकेचे विनोदी कलाकार रिचर्ड प्रायर १९८० मध्ये गंभीररीत्या भाजले आणि पुढे त्याच प्रसंगावर बोलून त्यांनी प्रेक्षकांना हसवले. आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेलेल्या पु. ल. देशपांडे यांचे एकपात्री प्रयोग ऐकताना शेवटच्या शब्दाआधीचा क्षणभराचा थांबा कान देऊन ऐका. हशा तिथेच तयार होतो. बेळगावी बोलीचा कानडी हेल काढला की हसू मिळते खरे, पण तसे बोलणाऱ्याविषयी माया नसेल तर नुसती नक्कल उरते आणि गावातल्या माणसाला ती ताबडतोब खुपते.