बाबांची रोज परीक्षा घेऊ नका

अमेरिकेतल्या एडिसनहून एका मुलाचं पत्र आलंय. नागपुरात प्रतापनगरच्या घरी वडील बाथरूममध्ये घसरले, डोक्यात रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं. दीड महिना झाला, आता घरी आहेत. "व्हिडिओवर चांगले दिसतात. मग आई म्हणते ते चिडतात, विसरतात, ते कसं?"

तसंच असतं. टाके सुकतात, केस परत येतात, मेंदूची दुरुस्ती मात्र कितीतरी महिने चालते. फोनच्या दहा मिनिटांत ते सगळं बळ एकवटून बोलतात आणि नंतर दोन तास निपचित पडतात. ते दोन तास आई बघते.

"मी कोण, ओळखा बरं?" "आज वार कोणता?" माझ्या सासऱ्यांची ही तोंडी परीक्षा आम्हीही रोज घ्यायचो. एकदा त्यांनी कूलरकडे बोट दाखवलं, "तो... पाणी भरतो तो... फ्रिज." नातू हसला. पुढचे चार दिवस ते फोनवर आलेच नाहीत. शब्द डोक्यात असतो, जिभेवर येत नाही. अशा वेळी वाक्य पुरं करून देऊ नका. मनात दहापर्यंत मोजा. विचारायचंच तर "आज पोहे की उपमा?" असं विचारा, आणि पोहे म्हणाले तर तर्रीवर बोला.

वेळही बदला. तुमच्या सकाळी साडेआठला तिथे संध्याकाळचे सहा, म्हणजे ते पार थकलेले. त्यात मे महिन्यात कूलरची घरघर. एवढ्या आवाजात बोलणं पकडणं दुखावलेल्या मेंदूला जड जातं. तुमच्या रात्री साडेनऊला लावा, तिथे सकाळचे सात असतात. कूलर बंद, टीव्ही बंद, बोलणारा एकच.

आई म्हणेल, "काही नको रे बाप्पा, होऊन राहिलं न सारं." ऐकू नका. दिवसा एक मावशी ठेवाच. आणि सगळी सुट्टी आत्ताच संपवू नका, पाहुणे पांगल्यावर खरी गरज लागते. अमेरिकेत पात्र नोकरदाराला आई-वडिलांच्या गंभीर आजारपणासाठी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते. वैद्यकीय गरज असेल तर ती तुकड्यांनीही घेता येते.

एक गोष्ट आईला आजच सांगा. वाढती डोकेदुखी, उलट्या, जास्तीची झोप, चालताना एका बाजूला झुकणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन. उतारवयात, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, पडल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही मेंदूवर रक्त साचू शकतं. झटक्यांची (फिट येऊ नये म्हणूनची) गोळी दिली असेल तर "आता बरं वाटतंय" म्हणून परस्पर बंद करायची नाही.

राहिली स्कूटर. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन येतो म्हणून ते किल्ली मागतीलच. ती लपवायचं काम आईच्या गळ्यात मारू नका, रोजचं भांडण होतं. 'सध्या गाडी चालवू नये' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा.