फायरवायरचं साउंड कार्ड आणि टाहोचं अपडेट

प्रश्न : मी गाण्याचे वर्ग घेतो. विद्यार्थ्यांच्या बंदिशी एम१ मॅकबुक एअरवर, लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतो. साउंड कार्ड जुनं, फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीचं आहे. एकापुढे एक दोन अडॅप्टर लावले की चालतं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) कधी घालावा लागला नाही. मॅकओएस मॉन्टेरे आहे. आता ‘टाहो’ या नव्या आवृत्तीची सूचना सारखी येते. घेऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नका घेऊ. हे साउंड कार्ड वापरात आहे तोवर तर नाहीच. २०२५च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या टाहोमधून ॲपलने फायरवायर काढून टाकलं. तुमचं कार्ड ड्रायव्हरशिवाय चालतं, म्हणजे ते मॅकओएसमधल्या फायरवायरच्या भागावरच अवलंबून आहे. तो भाग गेला की अडॅप्टर कितीही चांगले असोत, लॉजिकला कार्ड दिसणार नाही.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः पोळले आहे. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळी पहाटेसाठी अभंगांचं मिक्सिंग चाललं होतं आणि मी मध्येच कॅटालिना ही तेव्हाची नवी मॅकओएस घातली. कॅटालिनात ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचं, सॉफ्टवेअर चालत नाही, हे मला वाचून ठाऊक होतं. माझा गाण्यावरचा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) ३२-बिटचा आहे, हे मात्र तपासलं नव्हतं. प्रोजेक्ट उघडला तर सगळे आवाज कोरडे. गायिकेला मान्य झालेला, देवळातल्यासारखा घुमणारा सूर नाहीसा झाला होता. दोन रात्री जागून दुसऱ्या रिव्हर्बवर जवळपास तसा उभा केला, पण ‘तो’ आवाज परत आला नाही. ट्रॅक रिव्हर्बसकट वेव्ह फाइल करून ठेवले असते तर ही वेळ आली नसती. म्हणून तुम्ही आजच जुन्या बंदिशींचा प्रत्येक ट्रॅक बाउन्स करून, म्हणजे त्याची वेव्ह फाइल काढून, बाहेरच्या डिस्कवर ठेवा. एक प्रत कोरडी, एक इफेक्टसकट. प्लगइन बंद पडतात; वेव्ह फाइल वीस वर्षांनीही उघडेल.

मॉन्टेरेवरच राहा, असं मात्र मी म्हणणार नाही. तिला आता सुरक्षेची अपडेट मिळत नाहीत आणि लॉजिकची नवी आवृत्तीही तिच्यावर बसत नाही. टाहोच्या आधीच्या ‘सिकोया’मध्ये फायरवायर आहे, ती ॲप स्टोअरवर शोधून उतरवता येते. तीही थेट घालू नका. डिस्क युटिलिटीत नवा व्हॉल्यूम (डिस्कचा वेगळा कप्पा) करा, सिकोया त्यावर घाला आणि तिथून मॅक सुरू करून तासभर खरोखर रेकॉर्डिंग करा. तानपुरा, तबला, आवाज, नेहमीचे सगळे प्लगइन. साठेक जीबी जागा मोकळी हवी. पटलं नाही तर व्हॉल्यूम पुसायचा, मॉन्टेरे जशीच्या तशी राहते. ती पुसून वर नवी घातलीत आणि मग परतायचं म्हटलंत, तर अख्खी डिस्क साफ करावी लागते.

एखादा प्लगइन इंटेलच्या काळातला असेल, तर तो रोझेटावर, म्हणजे इंटेलसाठीचं सॉफ्टवेअर एम१सारख्या मॅकवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीवर, चालत असणार. मॅकओएस २७ नंतर रोझेटाचा बहुतेक भाग जाणार, असं ॲपलने जाहीर केलं आहे. तानपुऱ्याचा प्लगइन तसा असेल तर त्याचे तुमच्या नेहमीच्या पट्ट्यांतले दहा-दहा मिनिटांचे तुकडे आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा.

पुढे कधी नवं कार्ड घ्याल तेव्हा यूएसबीचंच घ्या, आणि दुकानात आधी एकच गोष्ट विचारा : ड्रायव्हर न घालता हे मॅकवर चालतं का?