दगडापेक्षा मऊ चुना

प्रश्न : आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. ओल येते म्हणून आठ वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता तो पोकळ वाजतो आणि घरात ओल उलट वाढली आहे. सिमेंट तर चुन्यापेक्षा मजबूत ना? मग टिकाऊ म्हणायचं तरी कशाला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला उमेदवारीच्या काळातलं एक देऊळ आठवलं. त्याच्या विटांच्या शिखराच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, मीच सिमेंटने भरून घेतल्या होत्या. पाच-सहा पावसाळ्यांनी वर चढून पाहिलं, तर सिमेंट जसंच्या तसं होतं आणि शेजारच्या विटा बोटाने चुरत होत्या. ते अजून मनाला लागून आहे.

जुनी भिंत जमिनीतली ओल ओढतेच. चुन्यातून ती सुकून निघून जाते. सिमेंटने ती वाट अडली, की पाणी वर चढतं, आत झिरपतं. त्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात आणि त्याला भिंतीपासून सोडवतात. तुम्हाला ऐकू येतो तो पोकळ आवाज बहुतेक त्याचाच. शिवाय चुना दगडापेक्षा मऊ. पाया जरासा खचला तर तडा दरजेत जातो, दगड वाचतो. दरज पुन्हा भरता येते, पणजोबांनी घडवून घेतलेला दगड कुठून आणणार?

अजिंठ्यात पाहा. कातळ बेसाल्टचा, पण पाचव्या शतकातली चित्रं उभी आहेत ती तूस आणि काड्या घालून मळलेल्या मातीच्या गिलाव्यावर. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. चित्रं पक्की व्हावीत म्हणून त्यांनी लाखेचा लेप दिला, आणि पुढे तो लेपच पिवळा पडून रंगांवर बसला. हेतू तुमच्यासारखाच चांगला होता.

आता काय करायचं? आधी पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढा. मग छिन्नीने, हलक्या हाताने सिमेंट उतरवा. ब्रेकर लावू देऊ नका. एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या. चुन्याचं काम दिवाळीनंतर काढा आणि लावलेला चुना निदान आठवडाभर ओलसर राहील असं पाहा, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो. वरच्या मातीच्या भिंतींना मात्र तूस घातलेल्या मातीचाच लेप द्या.