वाचकांचे प्रश्न : मैफल मदतीची, पैसा कोणाच्या नावे?

प्रश्न : आमचे हौशी संगीत मंडळ तिकीट लावून जुन्या गीतांची मैफल करणार आहे. जमणारी रक्कम ऊसतोड कामगारांच्या थकीत मजुरीचे आणि अपघात-भरपाईचे दावे लढवणाऱ्या एका संस्थेला द्यावी, असे आम्ही ठरवले आहे. मात्र आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की, १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमाचे पैसेही वर्षानुवर्षे अडकून पडले होते. मग आपण या भानगडीत का पडावे? त्यांचे म्हणणे खरे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या सभासदांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, नोव्हेंबर १९७० मध्ये आलेले चक्रीवादळ आणि मार्च १९७१ पासून पाकिस्तानी लष्कराने चालवलेला संहार यांमुळे लाखो निर्वासित भारतात येत होते; वर्षअखेरीस ही संख्या एक कोटीच्या घरात गेली. पंडित रविशंकर यांचे घराणे मूळचे त्याच प्रदेशातले. एखादा कार्यक्रम करून पंचवीस हजार डॉलर जमले तरी पुष्कळ, अशा अपेक्षेने त्यांनी आपले शिष्य आणि मित्र, 'बीटल्स' या गाजलेल्या वाद्यवृंदातले जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे हा विषय काढला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ ऑगस्ट १९७१ रोजी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले आणि सुमारे चाळीस हजार श्रोते आले. आरंभ रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांच्या वादनाने झाला. वाद्ये जुळवून होताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा नुसते जुळवणे एवढे आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकरांनी हसत सांगितले. ज्या श्रोत्यांना सतार लागली की लावली जाते आहे हेही उमगत नव्हते, त्यांना त्या दिवशी बांगलादेश हे नाव मात्र कळले. अमेरिकेचे सरकार तेव्हा पाकिस्तानच्या पाठीशी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावाच्या उच्चाराचे मोल समजते.

आता पैशाविषयी. तिकिटांचे सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर ऑगस्टमध्येच युनिसेफकडे पोचले. ते अडकले नाहीत. अडकले ते कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकांचे आणि १९७२ मध्ये आलेल्या चित्रपटाचे उत्पन्न, जे तिकिटांच्या कित्येक पटींनी मोठे होते. कार्यक्रम जाहीर करण्यापूर्वी आयोजकांनी युनिसेफशी रीतसर करार केलेला नव्हता. त्यामुळे अमेरिकेच्या करखात्याने हे उत्पन्न धर्मादाय मानण्यास नकार दिला आणि त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे खात्यांत पडून राहिला. इकडे ब्रिटनच्या तिजोरीनेही ध्वनिमुद्रिकांवरचा विक्रीकर सोडला नाही. कोणी पैसे खाल्ले म्हणून हे घडले नाही. घाईत कागद मागे राहिले म्हणून घडले. आणि ती घाईसुद्धा समजण्यासारखी होती, कारण छावण्यांमध्ये पटकीने माणसे मरत होती.

आपल्याला तशी घाई नाही. म्हणून आधी त्या संस्थेशी लेखी ठरवून घ्या आणि शक्य असेल तर तिकीटविक्री थेट तिच्याच खात्यात जमा होऊ द्या. आपले मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल आणि वर्गणी किंवा देणग्या आपल्याच नावाने गोळा करणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. सभागृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा, गीतांच्या स्वामित्वहक्काचे शुल्क आणि वादकांचे मानधन हा खर्च तिकिटांतून जाणार की प्रायोजकाकडून येणार, हे निमंत्रणपत्रिकेवरच छापा. वादकांना 'समाजकार्य आहे' म्हणून फुकट वाजवायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मजुरीच्या हक्कासाठी पैसे जमवताना तबलजीची मजुरी बुडवणे शोभत नाही.

आणखी एक विचार करावा. पूरग्रस्तांना धान्य पोचवले की मदतीचा एक टप्पा संपतो. मजुरीचा दावा मात्र पाच-सात वर्षे चालतो आणि तो चालवणाऱ्या कार्यकर्त्याला दर महिन्याला घर चालवावे लागते. महाराष्ट्रात ही गोष्ट ओळखून उभा राहिलेला एक उत्तम प्रयोग आहे. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यासाठी नामवंत कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, आणि जमलेली रक्कम वाटून न टाकता तिच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था केली. प्रेक्षक खळखळून हसून घरी गेले. पुढे कित्येक वर्षे कुठल्यातरी तालुक्यात कोणाचा तरी शिधा त्या हसण्यातून भरत राहिला. आपली एका मैफलीची रक्कम लहान असेल, परंतु ती एकदम देण्याऐवजी दोन वर्षे एका वकिलाच्या प्रवासखर्चासाठी बांधून द्यावी, हा पर्याय संस्थेपुढे अवश्य ठेवा.

प्रश्न : महाविद्यालयात माहितीपट दाखवून चर्चा घडवली, तर तिचा पीडितांना प्रत्यक्ष काही उपयोग होतो का, की आपल्यालाच समाधान मिळते?
– एक प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पुष्कळदा केवळ समाधानच मिळते, आपली शंका रास्त आहे. परंतु आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'चे उदाहरण पाहा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. घोगरे यांचे गाणे पटवर्धनांच्या झोपडपट्टी-निष्कासनावरच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर'मध्ये होते. ही ओळख जुनी होती, म्हणूनच दिग्दर्शक पुढची चौदा वर्षे शाहिरांचा आणि खटल्यांचा माग काढत राहिला. चित्रपट पुरा झाल्यावर तो वस्त्यांमध्येही, ज्यांची ही कहाणी आहे त्यांच्यासमोर, दाखवला गेला. त्यात दिसणाऱ्या कबीर कला मंच या पुण्यातील शाहिरी गटाच्या कलावंतांवर पुढे खटले चालले, तेव्हा चित्रपटाला मिळालेल्या शासकीय पुरस्काराची रक्कम पटवर्धनांनी त्यांच्या बचावकार्याला दिली.

सत्यशोधक चळवळीच्या जलशांपासून, म्हणजे प्रबोधनाच्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमांपासून, आपल्याकडे गाणे आणि हक्क ही जोडी आहेच. जलसा ज्यांच्याविषयी असे, तेच समोर बसलेले असत. आपणही चर्चेला केवळ अभ्यासक न बोलावता त्या वस्तीतल्या दोघा-तिघांना बोलवा, त्यांना प्रवासभाडे आणि मानधन द्या आणि त्यांना काय हवे आहे हे आधी विचारा. कदाचित त्यांना निधी नको असेल, पंचनाम्याची नक्कल मिळवून देणारा विद्यार्थी हवा असेल. माहितीपटाच्या जाहीर प्रदर्शनासाठी निर्मात्याची परवानगी घ्यायला विसरू नका.

प्रश्न : अमेरिकेतील आमचे मराठी मंडळ नाट्यप्रयोगाचे उत्पन्न महाराष्ट्रातील एका हक्क-संघटनेला पाठवू इच्छिते. काही अडचण?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आहे. भारतीय पारपत्रधारकाने परदेशी राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाची किंवा तिथे नोंदलेल्या मंडळाची देणगी तशी ठरते. ती घेण्यासाठी संघटनेकडे परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खास खाते असणे आवश्यक आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने असा पैसा दुसरीकडे वळवणेही बंद झाले आहे, त्यामुळे 'ओळखीच्या न्यासामार्फत पाठवू' असे कोणी सुचवल्यास नकार द्या. संघटनेची नोंदणी चालू आहे का, हे प्रयोगाची तारीख ठरवण्यापूर्वी विचारा. नोंदणी नसेल, तर ज्या सभासदांकडे अजून भारतीय पारपत्र आहे त्यांनी आपापल्या खात्यातून वैयक्तिक देणगी द्यावी आणि प्रयोगाचे उत्पन्न तिथल्याच एखाद्या स्थलांतरित कामगारांच्या कामासाठी वापरावे.